नवप्रवर्तनाचे बाह्यस्रोतीकरण

नवे उत्पादन, प्रक्रिया किंवा डिझाइन घडवण्याचे काम बाहेरच्या भागीदाराकडे सोपवून त्यावर नियंत्रण ठेवण्याची पद्धत. 'इनोव्हेशन'साठी 'नवोपक्रम' हा शब्दही चालतो. तो शिक्षणक्षेत्रात अधिक रुळल्याने येथे 'नवप्रवर्तन' घेतला आहे.

पद्धतीचा आरंभ कधीचा धरावा, यावर एकमत नाही. व्यवस्थापनशास्त्रात मोजणी बहुधा जेम्स ब्रायन क्विन यांच्या २००० मधील लेखनापासून, नाहीतर हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये रूढ केलेल्या 'खुल्या नवप्रवर्तना'पासून होते. पण खुल्या नवप्रवर्तनात कल्पनांची ये-जा दोन्ही बाजूंनी असते. बाह्यस्रोतीकरणात मोबदला देऊन काम करून घेतले जाते. तशा संस्था बऱ्याच जुन्या आहेत. बॉस्टनमध्ये आर्थर डी. लिटल यांचा व्यवसाय १८८६ पासूनचा, पिट्सबर्गची मेलन इन्स्टिट्यूट १९१३ ची. संज्ञा नवी व व्यवहार जुना, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) व वाहन उद्योगाची संशोधन संस्था एआरएआय (१९६६) यांच्याकडे उद्योगांची अशी कामे येत आली. प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकसाठी पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकवर संशोधन केले. मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची (मेनिंजायटिस) लस या पद्धतीचे फार मोलाचे उदाहरण आहे. पाथ ही ना-नफा आरोग्यसंस्था व जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पात संयुग्मनाचे (जंतूच्या शर्करेला प्रथिन जोडण्याचे) तंत्र अमेरिकेच्या औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून आले आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उभे केले. डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राखायची, ही अट सुरुवातीलाच घातली होती. २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले.

करारात पूर्वीपासूनची आणि प्रकल्पातून निपजणारी बौद्धिक संपदा वेगळी मांडावी लागते. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात पहिला अर्ज करण्यासाठी परवानगी लागते; नाहीतर भारतात अर्ज करून निदान सहा आठवडे थांबावे लागते. काम देणाऱ्याकडे ते पारखणारी माणसे हवीतच. कोहेन व लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये मांडलेली 'ग्रहणक्षमता' ती हीच. स्वतःचा संशोधन विभाग बंद करून सगळे बाहेर देणे म्हणूनच धोक्याचे.

भोसरी-चाकण पट्ट्यात वाहन कंपनी पुष्कळदा जागा, भार व जोडणीची मापे देते; सुट्या भागाचे आतले डिझाइन पुरवठादार करतो. साच्याचे पैसे बहुधा कंपनीचे असतात, साचा मात्र पुरवठादाराच्या शेडमध्ये राहतो. त्यावर कंपनीचे नाव कोरलेले असले तरी साच्याचे ड्रॉइंग कोणाचे, हे लिहून ठेवले नसेल तर काम दुसरीकडे हलवताना वाद उभा राहतो.