गोधडी तयार आहे, फोटो अजून टाकला नाही

माझी मावसबहीण गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्या, हाताने घातलेला धावदोरा, एकेकीला महिना महिना जातो. विकायचं ठरवून दीड वर्ष झालं आणि इन्स्टावर अजून एकही फोटो नाही, का तर लोगो मनासारखा नाही, एका कोपऱ्यात टाके तिरके गेलेत आणि लोक काय म्हणतील.

मला विचाराल तर खरं कारण हे शेवटचंच. परफेक्शनिझम म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक म्हणजे काम उत्तम व्हावं म्हणून झटणं आणि दुसरी म्हणजे चुकलो तर लोकांच्या नजरेतून उतरू ही धास्ती. मानसशास्त्रज्ञ फ्युशिया सिरोइस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर टाळाटाळीचं नातं निघालं धास्तीशी. झटणारे लोक उलट कमी टाळाटाळ करतात. त्यामुळे "एवढं परफेक्ट कशाला हवंय तुला" हे आपण तिला सांगतो ना, ते चुकीच्या जागी औषध लावणं आहे.

मग ही लोकांची नजर असते तरी केवढी? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलंच, संशोधनाचा पेपर आला २००० साली. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा चेहरा असलेला टीशर्ट घालायला दिला, पोरांना लाज वाटेल असाच मुद्दाम निवडलेला, आणि बाकीचे आधीच बसलेत अशा खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी तो चेहरा ओळखला असेल? अंदाज आला साधारण निम्म्यांचा, प्रत्यक्षात ओळखला जेमतेम चौथाईने. पुढे त्यांनी मिरवावासा वाटेल असा टीशर्ट घालायला दिला, तर तो दहातल्या एकालाही धड आठवला नाही!

हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिरका टाका दिसत नाही तसा सुंदर टाकाही पहिल्या फोटोत कुणाला दिसत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा टाकत राहावं लागणार. पैसे मोजणारं गिऱ्हाईक टाके बघणारच, बघू दे की, पण त्याच्यापर्यंत गोधडी आधी पोचायला तर हवी.

त्याच पेपरात अजून एक प्रयोग आहे. काही जणांना टीशर्ट घालून आधी थोडा वेळ नुसतं बसवलं आणि मग खोलीत नेलं, तर त्यांचा अंदाजच खाली आला. टीशर्ट तोच, लोक तसेच, फक्त अंगाला सवय झाली होती.

म्हणून मी तिला म्हटलं, इन्स्टा राहू दे, आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाक. काल टाकला तिने फोटो, तिरक्या कोपऱ्यासकट. पहिला प्रश्न आला, "धुतल्यावर रंग जातो का गं?"