न भरणारी बॅटरी

संध्याकाळी वीज गेली तेव्हा टेबलाखालच्या छोट्या यूपीएसने राउटर आणि एक दिवा तासाहून जास्त वेळ चालवला. वीज आली, यूपीएसवरचा हिरवा दिवा लागला आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीज गेली आणि चौथ्या मिनिटाला त्याच यूपीएसने मान टाकली. मधल्या वीस तासांत वीज एकदाही गेलेली नव्हती. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच बदललेली. हिरवा दिवा सगळा वेळ चालू.

अशा वेळी तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "बॅटरी बसली." बॅटरी बदलूनही फरक पडला नाही की दुसरं निघतं, "चार्जर उडाला." दोष शोधायला मात्र एक साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो. शिवाय एक गोष्ट पक्की डोक्यात असावी लागते: व्होल्टेजचा आकडा करंटसोबतच वाचायचा. बॅटरीत करंट जातोय, तिच्यातून निघतोय की ती नुसती पडून आहे, हे ठाऊक नसेल तर '१२.६' या आकड्यातून फारसं काही कळत नाही.

त्याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे. शिसं आणि आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. इन्व्हर्टरखालची पाण्याची मोठी बॅटरी काय आणि यूपीएसमधली विटेएवढी सीलबंद बॅटरी काय, दोघींचं रसायन आजही तेच आहे. एका प्लेटवर लेड डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसं आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल. एका सेलचे साधारण २ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, आम्ल खर्च होतं आणि पाणी वाढतं. चार्ज करताना हाच प्रवास उलटा होतो.

ताजं सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं. करंट मिळाला की ते पटकन विरघळतं. पण उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसत जातात आणि प्लेटवर टणक खडे तयार होतात. ते वीज नीट वाहू देत नाहीत आणि चार्जरलाही सहज दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. बॅटरी अकाली जाण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक, आणि चार्जरवर विनाकारण आळ आणणारंही हेच.

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी तो ठरावीक करंट ढकलत राहतो. तो साधारणपणे बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवतात, म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअर. व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचलं की चार्जर ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप कमी होत जातो. करंट अगदी थोडा उरला, की व्होल्टेज १३.५ ते १३.८ वर उतरवून तो बॅटरीला नुसतं टिकवून ठेवतो. त्याला फ्लोट म्हणतात. बॅटरी भरली हे चार्जर असं ओळखतो: व्होल्टेज चढलं आणि करंट घटला, म्हणजे भरली.

आता प्लेटांवर खडे धरलेली बॅटरी याच चार्जरला लावा. करंट आत शिरायला जागाच थोडी उरलेली असते, त्यामुळे व्होल्टेज दहा-पंधरा मिनिटांत १४.४ ला भिडतं, करंट झपाट्याने खाली येतो आणि चार्जर 'फुल' जाहीर करतो. तो त्याच्या हिशोबाने बरोबरच असतो. हंडा भरलाय, फक्त हंड्याची वाटी झाली आहे. मीटर लावला तर तोही १२.७ दाखवतो, कारण मीटर बॅटरीकडून काही मागतच नाही. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे १२ व्होल्टला तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट घेतो. एवढं तर मरणपंथाला लागलेली बॅटरीसुद्धा देऊ शकते. तिला दिवा किंवा पंखा जोडा आणि मग आकडा बघा. चांगली बॅटरी थोडी खाली येऊन तिथे थांबते, खडे धरलेली डोळ्यांदेखत घसरत जाते.

याच्या नेमकं उलट चित्र एक सेल आतून शॉर्ट झाला की दिसतं. प्लेटांवरून गळलेला गाळ तळाशी साचून दोन प्लेटा जोडतो, किंवा मधला पडदा फाटतो. सहापैकी पाच सेल उरतात, आणि विसावलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.७ ऐवजी १०.५ च्या आसपास अडकतं. चार्जर मात्र सहा सेल धरूनच चालतो. फ्लोटचे १३.६ व्होल्ट पाच सेलांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला २.७ येतात, आणि सेलमधलं पाणी जोराने फुटून वायू सुटायला साधारण २.४ व्होल्टच पुरेसे असतात. चार्जिंगचा दिवा दिवसेंदिवस विझत नाही, बॅटरीची कूस हाताला गरम लागते, पाणी भराभर आटतं. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर (आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी) घालून प्रत्येक सेल तपासला तर दोषी सेल लगेच सापडतो: बाकीचे १.२४ ते १.२८ च्या दरम्यान आणि एखादाच ०.०५ हून जास्त मागे. अशी बॅटरी चार्जिंगवर ठेवणं धोक्याचं आहे. सुटणारा वायू हायड्रोजन असतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. ती आधी सोडवा, बाकीचं नंतर पाहू.

तिसरा प्रकार चार्जरच नकार देतो तो. यूपीएस काही महिने खोक्यात पडून होता, बॅटरी स्वतःच्या स्वतः उतरत गेली आणि ८-९ व्होल्टवर आली. बरेच चार्जर इतक्या खाली गेलेल्या बॅटरीला बॅटरीच मानत नाहीत, कारण त्यांच्या नजरेत ही तुटलेली किंवा उलटी जोडलेली वायरही असू शकते. अशी बॅटरी वेगळ्या चार्जरवर, कमी करंटने, नजरेसमोर ठेवून वर आणता येते. वर आली तरी रात्रभर मोकळी ठेवून सकाळी मोजा. १२.४ च्या वर टिकली नाही तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नये. लिथियम बॅटरीत हेच काम आतलं बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट, करतं: सेल फार उतरले की ते टोकं तोडून टाकतं, मीटर सरळ शून्य दाखवतो आणि चार्जरला समोर काहीच दिसत नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ते सहसा चार्जिंगही रोखतं, कारण त्या थंडीत चार्ज केलं तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि सेल खराब होतात.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष जोडांचा. शिशाचं टर्मिनल आणि तांब्याचा लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) यांच्यामध्ये पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर जमतो, किंवा नट अर्ध्या फेऱ्याने सैल पडतो. समजा त्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. १० अँपिअरने चार्ज करताना तिथे ०.२ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे चार्जरला १४.४ दिसतात पण बॅटरीला १४.२ मिळतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर ५० अँपिअर ओढू लागला की त्याच जोडावर पूर्ण १ व्होल्ट पडतो. बॅटरीच्या टोकांवर ११.६ असले तरी इन्व्हर्टरपर्यंत १०.६ पोचतात आणि तो 'लो बॅटरी'चा भोंगा वाजवू लागतो. शिवाय त्या नखाएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता तयार होते. लग काळा पडतो आणि वायरचं प्लास्टिक मऊ होतं ते यामुळे.

हा दोष पकडायची युक्ती मला फार आवडते. मीटरची एक पिन शिशाच्या खुंटावर टेकवायची आणि दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या लगवर. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले, म्हणजे मीटरने शून्य दाखवायला हवं, आणि लोड बंद असताना तो शून्यच दाखवतो. लोड सुरू करा. आकडा ०.१ च्या वर गेला तर जोड खोलून घासायचाच. करंट वाहत नसताना हा दोष दिसतच नाही, म्हणून नुसतं व्होल्टेज मोजून परत जाणाऱ्याला तो कधी सापडत नाही.

मग क्रमाने काय करायचं? बॅटरी सोडवून काही तास विसावू द्यायची, कारण चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज तरंगत असतं. नंतर मोजायचं: १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे रिकामी. मग ती जोडून वीज सुरू करायची आणि पुन्हा तिच्या टोकांवर मोजायचं. आकडा लगेच थोडा उडी मारून पुढे हळूहळू चढत राहिला तर करंट आत जातोय. आकडा तसूभरही हलला नाही तर करंट येतच नाही: फ्यूज, एमसीबी, तुटलेली वायर किंवा खुद्द चार्जर. आकडा झपकन १४ च्या वर गेला आणि तरी बॅकअप मिळत नाही, तर खड्यांचा संशय. तासन्‌तास करंट जातोय आणि आकडा १३ सुद्धा ओलांडत नाही, तर सेल शॉर्ट आहे, नाहीतर चार्जर बॅटरीच्या मानाने फार लहान आहे. हे शेवटचं पुष्कळदा घडतं. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी बनलेला, १ अँपिअर देणारा यूपीएस १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला जोडला, तर ती भरायला सहा दिवसांहून जास्त लागतील. करंट मोजायला क्लॅम्प मीटर वापरत असाल तर तो डीसी मोजणारा आहे ना, हे आधी पाहा. साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी ओळखतात आणि इथे निमूटपणे शून्य दाखवतात.

बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतील तर प्रत्येकीवर वेगळं मोजा. २८.८ व्होल्टची बेरीज ठीक दिसते, पण त्यात एक १५.४ वर उकळत असते आणि दुसरी १३.४ वर उपाशी असते. जुनीबरोबर नवी जोडली की नेमकं हेच होतं, म्हणून बदलायच्या तर सगळ्या एकदम. आणि पुरवठ्याकडेही एक नजर टाका: वीज आहे, पण व्होल्टेज इतकं पडलेलं आहे की यूपीएस ते स्वीकारत नाही आणि मधूनमधून बॅटरीवरच चालतो. मग ती भरणार कधी?

मोजताना हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना क्षणात तापून लाल होऊ शकतो.

माझ्या यूपीएसकडे येतो. विसावलेली बॅटरी ११.९. यूपीएसला जोडून वीज सुरू केली, तरी ११.९. तासाभराने पुन्हा पाहिलं, आकडा तोच. जोड स्वच्छ, फ्यूज शाबूत. बॅटरी दुसऱ्या चार्जरवर रात्रभर ठेवली. सकाळी काढून दुपारी मोजली तर १२.८, आणि दिवा लावल्यावरही ती तग धरून होती. म्हणजे बॅटरी निर्दोष. हिरवा दिवा फक्त 'वीज आली आहे' एवढंच सांगत होता, चार्जिंगशी त्याचा काही संबंध नव्हता.

दोष चार्जरच्या सर्किटमध्ये निघाला. अशा चार्जरमधल्या नियंत्रक चिपला सुरू होण्यापुरती वीज एक छोटा कपॅसिटर साठवून देतो. चिप एकदा चालू झाली की ती स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज घेते आणि त्या साठ्यावर पूर्वीसारखी अवलंबून राहत नाही. माझ्याकडचा हा कपॅसिटर बोटाच्या पेराहून लहान, अंगावर ४७ मायक्रोफॅरड छापलेलं, आणि तापणाऱ्या एका रोधकाला खेटून बसवलेला. फुगलेला नव्हता, गळलेलाही नव्हता. काढून मोजला तर ६ मायक्रोफॅरड. उष्णतेने आतला द्रव सुकला होता. वीज सलग असेपर्यंत चार्जर उत्तम चालत होता. वीज एकदा गेली की परत आल्यावर चिपला धक्का देण्याइतका साठाच उरत नव्हता. म्हणून पहिल्या रात्री बॅटरी भरलेली होती आणि दुसऱ्या दिवशी रिकामी.

हे काम सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या चार्जरमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात. सर्किटची सवय नसेल तर इथवरची मोजमापं लिहून कारागिराच्या हाती द्या, त्याचा अर्धा शोध झालेला असेल. दुरुस्तीनंतरची परीक्षा मात्र स्वतः घ्या, आणि चालू चार्जरवर घेऊ नका. प्लग काढा, यूपीएस बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा वीज द्या आणि बॅटरीच्या टोकांवरचा आकडा चढतो का ते पाहा.