दीपगृह (कोकण किनारा)

रात्री ठरावीक चालीचा उजेड देऊन आणि दिवसा आपल्या रंगाने, उंचीने समुद्रावरच्या माणसाला 'तू अमुक ठिकाणी आहेस' असे सांगणारा मनोरा म्हणजे दीपगृह. बोलताना बहुतेक जण लाइटहाऊसच म्हणतात. दीपस्तंभ हा शब्दही चालतो. देवळापुढची दीपमाळ वेगळी. ती देवासाठी पाजळतात.

कोकणातली बरीच दीपगृहे किल्ल्यांच्या सोबतीने उभी आहेत. खांदेरीवरचे अष्टकोनी दीपगृह १८६७ सालचे. रत्नागिरीचे रत्नदुर्गाच्या डोंगरावर, देवगडचे किल्ल्याच्या आत, तर कोर्लईचे किल्ल्याच्या उतारावर आहे. हा योगायोग नव्हे. ज्या टोकावरून शत्रूचे गलबत लांबून दिसे, तेच टोक गलबतालाही लांबून दिसते.

पाहायला येणारा पहिला प्रश्न विचारतो तो उंचीचा. मनोरा इतका बुटका कसा? कारण मोजायची ती दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, मनोऱ्याची नव्हे. पृथ्वी गोल असल्याने दूरचा दिवा क्षितिजाखाली जातो. उंचीच्या मीटरचे वर्गमूळ काढून त्याला साधारण साडेतीनने गुणले, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. शंभर मीटरवरच्या दिव्याचे क्षितिज सुमारे ३५ किलोमीटरवर येते. होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून चार मीटर वर असतील, तर त्याचे सातेक किलोमीटर त्यात मिळवायचे. कोकणात डोंगर थेट समुद्रात उतरतो, म्हणून निम्मे काम डोंगरच करतो. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेला खडकावर १८७५ साली बांधलेल्या प्राँग्ज दीपगृहाला असा डोंगर मिळाला नाही. तिथे चाळीस मीटरांहून उंच मनोरा रचावा लागला.

दिवा उघडझाप करतो का? फिरत्या भिंगाच्या दीपगृहात नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच. आत दिवा अखंड जळत असतो, त्याच्याभोवती भिंगाचा पिंजरा फिरतो. पिंजऱ्याचे एकेक तावदान आपल्या दिशेला आले की एक झोत येतो. तावदाने किती, कशी बसवलेली आणि फिरण्याचा वेग किती, यावरून प्रत्येक दीपगृहाची चाल ठरते. कुणाचा ठरावीक सेकंदांनी एकच झोत, कुणाचे दोन लागोपाठ आणि मग काळोख. तांडेल सेकंद मोजतो आणि दीपगृह ओळखतो. शेजारच्या दोघांची चाल सारखी ठेवत नाहीत, ते याचसाठी.

ही कड्याकड्यांची भिंगे फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ च्या सुमारास घडवली. जाड काचेचा गोळा न करता त्याने काचेची वर्तुळे एकाभोवती एक बसवली. त्यामुळे वजन घटले आणि विखुरणारा उजेड एका पट्ट्यात गोळा झाला. मोठी भिंगे पाऱ्यावर तरंगत ठेवत; मणांचे ओझे बोटाने ढकलले तरी फिरे. वीज येण्याआधी ते फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. वजन खाली उतरत जाई आणि पहाऱ्यावरचा माणूस रात्रभर ते पुन्हा वर गुंडाळी.

दिवसा वर गेलात तर काचघराला पडदे लावलेले दिसतील. भिंग उजेड बाहेर टाकते तसेच सूर्याला आतही गोळा करते. उघडे राहिले तर दिव्याचे साहित्य करपेल, आगही लागेल. काचांवर खाऱ्या वाऱ्याची पुटे चढतात, ती पुन्हा पुन्हा पुसावी लागतात. हे पुसणे किरकोळ समजू नये. काच मळली की झोत मंदावतो.

जीपीएस आल्यावर याची गरज काय, असेही विचारतात. यंत्राची बॅटरी संपते, पडदा फुटतो. मनोरा जागचा हलत नाही. किनाऱ्यावरचे मच्छीमार दिवसा मनोरा आणि मागची एखादी टेकडी एका रेषेत धरून ठरलेल्या जागी जाळे टाकतात. शिवाय उंच आणि राखलेली जागा म्हणून जहाजांची ओळख टिपणारी एआयएस यंत्रणा आणि किनारी टेहळणीचे रडार अनेक दीपगृहांवर बसवले आहेत. भारतातील दीपगृहांचा कारभार केंद्राचे दीपगृह व दीपनौका महासंचालनालय पाहते. काही ठिकाणी संध्याकाळी तिकीट काढून वर जाता येते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. मोठ्या जहाजांची ये-जा मात्र चालूच असते, म्हणून दिवा त्याही रात्री लागतो.