दिसणारा संडास, दिसणारा माठ : स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासरचनेची पार्श्वभूमी

नागपुरातील एका जुन्या लेआउटमधले अंगण-फाटकाचे घर पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभी राहिली आणि त्या घराच्या मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, दोन वर्षांच्या भाड्याच्या वास्तव्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. स्मृतिभ्रंशाचे निदान आधीच झालेले होते, तरी जुन्या घरात त्या मागच्या दाराने तुळशीपर्यंत जात, पाणी घालत आणि कुणी न सांगता परत येत. नव्या घरात मात्र त्या न्हाणीघराच्या दाराशी येऊन थांबू लागल्या, पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपू लागल्या आणि माघारी फिरू लागल्या. घरच्यांना तो हट्ट वाटला. दारात उंबरठ्याऐवजी काळ्या ग्रॅनाइटची चार बोटे रुंदीची पट्टी बसवलेली होती, आणि पांढऱ्या चकचकीत फरशीनंतर अचानक येणारी ती पट्टी त्यांना खाचेसारखी भासत असावी, हे बऱ्याच दिवसांनी एका भाचीच्या लक्षात आले. पट्टीवर फरशीच्या रंगाचा जाड कागद चिकटवला, त्याच दिवशी बाई सरळ आत गेल्या.

भाचीला हे सहज सुचले असले, तरी जमिनीवरचा गडद पट्टा पाहून माणूस थांबतो या गोष्टीचा अभ्यास अमेरिकेत फार पूर्वी झालेला आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दारासमोर जमिनीवर चिकटपट्ट्यांची जाळी आखली असता स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण दाराकडे जायचे थांबले, असे आढळले होते. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे. लक्षात घेण्याजोगे हे, की संशोधकांनी जो पट्टा माणसाला अडवण्यासाठी वापरला, तोच पट्टा आपल्याकडे सौंदर्य म्हणून प्रत्येक दारात बसवला जातो.

घराची रचना हा या आजाराच्या देखभालीचा भाग आहे, हा विचार उशिरा आला, आणि त्याचे कारण आजाराच्या इतिहासातच आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगन येथे ज्या स्त्रीच्या आजाराची माहिती मांडली, ती फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९१० साली एमिल क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले, ते मुख्यतः तुलनेने तरुण वयात होणारा आजार म्हणून. त्यामुळे सत्तरी-ऐंशीतल्या माणसाची स्मृती गेली तर तो वयाचा परिणाम, अशी समजूत डॉक्टरांमध्येही पुढची कित्येक दशके टिकली. आपल्याकडे त्यासाठी ‘म्हातारचळ’ हा शब्द तयारच होता आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवण्याची सोयही होती. १९७६ साली न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमरचा आजार हे वेगळे मानण्याचे कारण नाही, असे ठामपणे लिहिले, तेव्हा कुठे हा कोट्यवधी माणसांचा प्रश्न आहे असे चित्र उभे राहिले. आजारच मानला जात नव्हता, त्यासाठी इमारत कोण बांधणार?

जे घरात सांभाळले जात नसत त्यांच्यासाठी एकच जागा होती. ब्रिटिशांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी कायदा केला, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६४ साली नागपुरात असे इस्पितळ सुरू झाले; तेच आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय. त्या काळातील अशा इस्पितळांची रचना समाजाला रुग्णापासून सुरक्षित ठेवण्याच्या हेतूने होत असे, म्हणून उंच भिंत, लांबच लांब वॉर्ड आणि एका नजरेत सगळ्यांवर लक्ष ठेवता येईल अशी मांडणी ही तिची लक्षणे होती. १९१२, १९८७ आणि २०१७ च्या कायद्यांनी रुग्णाचे स्थान टप्प्याटप्प्याने बदलले. तथापि ‘ठेवायची जागा’ ही कल्पना लोकांच्या मनातून गेली, असे म्हणता येत नाही.

या कल्पनेला पहिला शास्त्रीय छेद दिला तो मानसशास्त्रज्ञ एम. पॉवेल लॉटन यांनी. माणसाची क्षमता जितकी कमी होते तितका तो भोवतालच्या परिसराच्या अधीन होतो, असे प्रतिपादन त्यांनी १९६८ साली एका सहलेखिकेसह केले आणि १९७३ मध्ये लुसिल नाहेमॉव यांच्यासह त्याचा विस्तार केला. परिसर माणसाकडून सतत काही ना काही मागत असतो. मागणी पेलवण्यापलीकडे गेली की माणूस बावरतो, आणि काहीच मागितले नाही तर तो मरगळतो, असे त्यांचे सूत्र थोडक्यात सांगता येईल. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली फिलाडेल्फियाच्या वृद्धसेवा केंद्रात १९७४ साली वाइस इमारत उघडली, जी अशा रुग्णांसाठी मुद्दाम आखलेल्या पहिल्या इमारतींपैकी एक मानली जाते. तिथे लांब बोळ टाळून मधोमध एक मोठी सामाईक जागा ठेवली होती आणि खोल्या तिच्याभोवती होत्या, म्हणजे खोलीतून पाऊल बाहेर टाकताच जेवणाची जागा, माणसे, चाललेली कामे डोळ्यांसमोर येत. वाड्यातला चौक पाहिलेल्या नागपूरकराला ही रचना अनोळखी वाटू नये.

साधारण त्याच सुमारास युरोपात लहान आकाराचा विचार रुजत होता. फ्रान्समध्ये १९७७ साली जॉर्ज कोसानेल यांनी ‘कांतू’ नावाची निवासव्यवस्था सुरू केली. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ चुलीशेजारचा कोपरा असा आहे. दहा-बारा माणसे, एक सामाईक स्वयंपाकघर आणि ज्याला जे जमेल ते त्याने करायचे, भाजी निवडणेसुद्धा, असे तिचे स्वरूप होते. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात सहा ते आठ जणांची समूहघरे निघाली, आणि त्या धर्तीची घरे पुढे जपानमध्ये २००० सालच्या दीर्घकालीन देखभाल विमा योजनेनंतर मोठ्या संख्येने उभी राहिली.

आखणीतील बारकावे तपासून पाहण्याचे श्रेय मात्र ओहायो राज्यातील कोरिन डोलन केंद्राकडे जाते. १९८९ साली सुरू झालेली ही इमारत निवासही होती आणि प्रयोगशाळाही. खोलीच्या दाराशी काचेच्या छोट्या कपाटात त्या माणसाच्या आयुष्यातील वस्तू ठेवल्या तर त्याला आपली खोली ओळखता येते का, बाहेर पडण्याच्या दाराची मूठ कापडाने झाकली तर काय होते, अंगणाचे दार कुलूपबंद न ठेवता उघडे ठेवले तर अस्वस्थता वाढते की कमी होते, असे प्रश्न तिथे एकेक करून पाहिले गेले. दार उघडे असल्याचे कळल्यावर अस्वस्थता कमी झाली, हा निष्कर्ष कुलपावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. परंतु सर्वांत उपयोगी निष्कर्ष संडासाविषयीचा होता. १९९१ साली केव्हान नमाझी आणि बेथ जॉन्सन यांनी दाखवून दिले की संडासाचे भांडे उघडपणे नजरेस पडत असेल तर त्याचा वापर लक्षणीयरीत्या वाढतो. कपड्यात लघवी होण्याचे कारण पुष्कळदा मूत्राशयात नसून दारात असते. बंद दारामागे काय आहे हे ज्याला आठवत नाही, त्याच्या लेखी ती वस्तू घरात नाहीच.

आपल्याकडे नेमकी याच ठिकाणी गाठ बसते. संडासाचे दार दर्शनी नसावे, देवघराजवळ नसावे, पाहुण्याच्या नजरेला पडू नये, हा दंडक घर बांधताना वास्तुशास्त्र मानणारा आणि न मानणारा दोघेही पाळतात. नागपूरच्या महाल या जुन्या भागातल्या वाड्यांत तो मागच्या परसात असे, आताच्या फ्लॅटमध्ये तो बोळाच्या टोकाला, बेडरूमच्या दारासारख्याच सनमायका लावलेल्या दारामागे असतो. एकाच रंगाची चार दारे एका ओळीत असली की धडधाकट पाहुणाही कोणते उघडायचे ते विचारतो. मर्यादेची ही कल्पना चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. पण तिची किंमत कोण मोजतो, हे एकदा पाहावे.

१९८९ पासून स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातील स्मृतिभ्रंशविषयक केंद्राने रंगांचा विरोध, उजेड आणि खुणा यांविषयीचे असे ज्ञान व्यवहारात आणले, तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या ग्रंथात आजारामागचे माणूसपण केंद्रस्थानी आणले. या दोन्ही धारांचे सर्वाधिक गाजलेले मूर्त रूप म्हणजे नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ च्या अखेरीस पूर्ण झालेले होगेवेक, म्हणजे अशा रुग्णांसाठी गावासारखी आखलेली वसाहत. सुरुवातीला तिथे २३ घरांत सुमारे १५० रहिवासी होते, एका घरात सहा-सात जण. आवारात किराणा दुकान, उपाहारगृह आणि नाट्यगृह, आणि बाहेर जाण्याचा रस्ता एकच. हे गाव म्हणजे देखावा आहे, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नाही. विदर्भाला तर वेगळे गाव वसवण्याची कल्पना नवी नाही: १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीने वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. पण तिथे समाजाने बाहेर काढलेल्यांनी श्रमाने स्वतःचे गाव केले, आणि होगेवेकमध्ये गाव आधी आखून मग माणसे आणली गेली. दोन्हींची तुलना इथेच थांबवलेली बरी.

त्या १५० या आकड्याला मात्र आपल्याकडे एक जोड आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या क्षमतेचे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. आकडा जवळपास तोच, पण हे दीडशे जण किती चुलींवर आणि किती दारांआड विभागायचे, हा प्रश्न त्या कलमात नाही. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे.

भारतात या आजाराची संघटित जाणीव १९९२ साली केरळमध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीपासून सुरू झाली. तिच्या २०१० च्या अहवालात रुग्णसंख्या सुमारे ३७ लाख मानली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा अंदाज दिला. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा झाला, सर्वांना वापरता येतील अशा इमारतींविषयी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आली. प्रत्यक्ष बांधकामात मात्र त्यातून बहुधा रॅम्प आणि कठडा एवढेच उतरते.

नागपुरात वृद्धांच्या निवासाचे काम नवे नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या मातृ सेवा संघाच्या कार्यात पुढे पंचवटी वृद्धाश्रमाची भर पडली. तरीही बहुसंख्य रुग्ण घरीच असतात, म्हणून घरांचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि त्याच्या लेआउटमध्ये फाटक, छपरी, अंगण आणि मागचे दार असलेली घरे झाली. फिरण्याची ओढ असलेल्या माणसाला या घरात फाटक बंद ठेवूनही पुढून मागे फेरी मारता येत असे. जुन्या वाड्यांचे गोडवे गाताना मात्र त्यांचे उंच उंबरठे, अंधारे जिने आणि रात्री कंदील घेऊन जावे लागणारे परस विसरू नये.

उन्हाळा हा नागपूरचा स्वतःचा विषय आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत तो सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून एप्रिलमध्येच खिडकीत कूलर बसतो आणि उरलेल्या तावदानांना पडदे लागतात. परिणामी ज्या माणसाला दिवस-रात्रीचा भेद उजेडावरून ठरवावा लागतो, त्याची खिडकी तीन महिने बंद होते. त्यात कूलरच्या घरघरीत बोलणे ऐकू येत नाही, आणि गळक्या टाकीचे पाणी चकचकीत फरशीवर ओघळते. या आजारात दिवेलागणीला वाढणारी अस्वस्थता या दिवसांत दुपारीच सुरू झाल्याचे घरचे लोक सांगतात. शिवाय तहान लागल्याचे कळत नाही, आणि पाणी फ्रिजच्या बंद दारामागे बाटलीत असते. संडासाचा नियम इथेही लागू पडतो: तिवईवरचा लाल माठ आणि त्यावर उपडे घातलेले फुलपात्र समोर दिसले तर हात तिकडे जातो.

त्या शिक्षिकाबाईंच्या फ्लॅटमध्ये पुढे आणखी काही बदल झाले. कूलर खिडकीतून काढून गॅलरीच्या दारात स्टँडवर ठेवला, माठ बैठकीत आला. संडासाचे दार दिवसभर उघडे ठेवायला मुलगा तयार नव्हता. शेवटी दाराला गडद निळा रंग लागला, आतला दिवा रात्रभर चालू राहू लागला आणि पाहुणे येण्याच्या वेळी तेवढे दार लोटून घेतले जाते.