300 रुपये आणि एक खाडा

2020 सालच्या एका पहाटे इंदूरहून पीथमपूरला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये एक कामगार बसला आहे, असे समजा. रात्रीपासून त्याचा घसा खवखवतो आहे, अंग कसकसते आहे, आणि थंडी वाजते म्हणून त्याने शेजारची खिडकी लावून घेतली आहे. साथीची त्याला पूर्ण कल्पना आहे. पण खाडा पडला की पगार कापला जाणार हेही त्याला ठाऊक आहे आणि घरभाड्याची तारीख तोंडावर आली आहे.

साथीच्या काळात नोकरदारांना आधार देण्याचे दोन मार्ग जगभर चर्चेत होते. एक म्हणजे पगारातून होणारी सक्तीची कपात कमी करणे, आणि दुसरा म्हणजे आजारी माणसाला भरपगारी रजा देणे. दोन्हींतून माणसाच्या हाती पैसा पडतो, म्हणून ते एकाच माळेतले वाटतात. परंतु रोगप्रसाराच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे.

आपल्याकडे मे ते जुलै 2020 या तीन महिन्यांसाठी भविष्य निर्वाह निधीची वर्गणी 12 टक्क्यांवरून 10 टक्के करण्यात आली. मूळ पगार 15,000 रुपये असलेल्या कामगाराच्या हाती त्यामुळे महिन्याला 300 रुपये जास्त आले, आणि तेही त्याच्याच म्हातारपणाच्या शिल्लकीतून. त्याच कामगाराची एका दिवसाची मजुरी, महिन्याला 30 दिवस धरले तरी, 500 रुपये होते. म्हणजे महिन्याभराची सवलत एका खाड्यालाही पुरत नाही. शिवाय ही सवलत धडधाकट माणसालाही तेवढीच मिळते. तापाने फणफणलेल्या माणसाने आज घरी राहावे की कामावर जावे, या निर्णयाशी तिचा काहीच संबंध नाही.

साथीचा वेग मात्र नेमक्या याच निर्णयावर ठरतो. कोविडच्या पहिल्या लाटेतील अभ्यासांत असे आढळले की, रुग्णाच्या घशातील विषाणूंचे प्रमाण लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारासच सर्वाधिक असते. लक्षणांपूर्वी होणारा प्रसार कोणत्याही रजेने थांबत नाही, हे मान्य करावे लागते. पण त्यानंतरचे दोन-तीन दिवस आपल्या हातात असतात. माणूस अजून चालूफिरू शकतो, ‘साधी सर्दी असेल’ असे स्वतःला समजावू शकतो, आणि त्याच वेळी बसमधल्या शेजाऱ्याला सर्वांत सहज संसर्ग देऊ शकतो. त्या दिवशी घरी राहण्याचा तोटा त्याचा एकट्याचा असतो आणि फायदा संपूर्ण पाळीचा. म्हणूनच तो तोटा सर्वांनी मिळून भरून देण्याला अर्थशास्त्रातही भक्कम आधार आहे.

आपल्याकडे अशी व्यवस्था नव्हती, असे मुळीच नाही. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानुसार विमाधारक आजारी पडल्यास वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळण्याची तरतूद होती. इंदूरमधील गिरणी कामगारांच्या वस्तीत, नंदानगरात, याच योजनेचे रुग्णालय आहे. परंतु आजाराचे पहिले दोन दिवस या लाभातून वगळलेले होते. क्षुल्लक कारणासाठी कोणी दावा करू नये, हा अशा अटीमागचा नेहमीचा विचार असतो आणि एरवी तो समजण्यासारखाही आहे. साथीत मात्र नेमके तेच दोन दिवस सर्वांत घातक असतात. कारखाने अधिनियमातही आजारपणाची वेगळी रजा नव्हती, फक्त 240 दिवस काम केल्यावर दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. वर्षाच्या मध्येच बदलल्या जाणाऱ्या ठेकेदारी कामगाराला ते 240 दिवस भरणेच अवघड.

अमेरिकेत 18 मार्च 2020 रोजी झालेल्या कायद्याने या दोन मार्गांची उपयुक्त सांगड घातली. 500 पेक्षा कमी नोकर असलेल्या आस्थापनांनी 80 तासांपर्यंत आजारपणाची भरपगारी रजा द्यायची आणि तो खर्च स्वतः भरायच्या पगारकरातून, म्हणजे पगाराच्या रकमेवर सरकारला द्यायच्या करातून, वळता करून घ्यायचा, अशी ती योजना होती. जिथे हा हक्क नव्याने मिळाला त्या राज्यांची तुलना संशोधकांनी आधीपासून तो असलेल्या राज्यांशी केली, तेव्हा दर राज्यात दिवसाला सुमारे 400 नवे रुग्ण कमी असल्याचा अंदाज निघाला. पुढे ऑगस्टमध्ये नोकरांच्या वाट्याचा 6.2 टक्के पगारकर वर्षअखेरपर्यंत लांबणीवर टाकण्यात आला. तो 2021 मध्ये परत भरायचाच होता, त्यामुळे हाती आलेला पैसा खर्चावा की राखून ठेवावा, हेच अनेकांना ठरवता येईना. मला ही तुलना फार बोलकी वाटते.

ब्रिटनने आणि स्वीडनने त्याच मार्चमध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी विनावेतन प्रतीक्षा दिवसांचा भार काढून टाकला आणि पहिल्या दिवसापासून आजारपणाचा भत्ता सुरू केला. इंदूरच्या त्या कामगारासाठी हेच केले असते, तर दोन दिवसांच्या मजुरीचे 70 टक्के, म्हणजे साधारण 700 रुपये लागले असते, आणि तेही फक्त तो आजारी पडला तरच.