कार्यशाळेतलं काम आणि पगाराची नोकरी: एकसारखी दिसणारी दोन वेगळी उत्तरं

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारातून सावरणाऱ्या माणसाच्या घरी एक प्रश्न कधी ना कधी येतोच: "आता याला काहीतरी काम मिळेल का?" पुण्यात हा प्रश्न विचारला की दोन निरनिराळी उत्तरं मिळतात, आणि विचारणाऱ्याला ती बहुतेक वेळा एकच वाटतात. पहिलं उत्तर म्हणजे पुनर्वसन केंद्रातली कार्यशाळा: पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या आणि पाकिटं करणं, दिवाळीच्या तोंडावर उटणं आणि आकाशकंदील. दुसरं म्हणजे बाहेरच्या दुकानात, कारखान्यात किंवा ऑफिसात खरीखुरी पगाराची नोकरी, आणि ती टिकावी म्हणून सोबत राहणारा एक जाणता माणूस. पहिल्याला संरक्षित काम म्हणता येईल, दुसऱ्याला आधारासह नोकरी. दोन्हींत सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचं असतं, दोन्हींतून महिन्याला थोडेफार पैसे येतात, म्हणून गल्लत होते.

या गल्लतीतून एक समज पक्का झालाय: आधी कार्यशाळेत काही वर्षं काढायची, तिथं नीट जमलं की मग नोकरीचं बघायचं. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान हा समज करतो.

कार्यशाळेला कमी लेखायचं मात्र अजिबात कारण नाही. आठ-दहा वर्षं खोलीबाहेर न पडलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी उठणं, आंघोळ उरकणं, चार लोकांत बसणं हेच डोंगराएवढं असतं. तिथं कुणी वेळेवरून टोचून बोलत नाही, हात थरथरले तर हसत नाही, मध्येच उठून व्हरांड्यात फेऱ्या मारल्या तरी चालतं. घरच्यांना दिवसातले पाच-सहा तास श्वास घ्यायला मिळतात, आणि शुभंकर थकला की शुभार्थीचंही बिघडतं हे अनुभवी घरांना ठाऊक असतं. (आपल्याकडच्या स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, इथंही तेच शब्द वापरतो.) प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनी पुण्यात कित्येक कुटुंबांना अशी जागा आणि बोलायला माणसं दिली आहेत. त्याचं मोल मोठं आहे.

पण कार्यशाळेतून नोकरीची तयारी होते का? फारच थोडी. पणत्या सुबक रंगवता आल्या म्हणून लक्ष्मी रोडवरच्या दुकानात सणाच्या गर्दीत गिऱ्हाइकाला साड्या दाखवता येतील असं नाही. उलटही खरं आहे. कार्यशाळेत ज्याचं लक्ष दहा मिनिटं टिकत नाही, त्याला पणत्या रंगवण्यात रसच नसेल. तोच माणूस मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर दोन तास मान वर करणार नाही. नोकरीत जे अवघड जातं ते त्या जागेचं असतं: साहेबांचा चढा आवाज, चहाच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारलेलं "आधी कुठं होतास?", स्वारगेटला गच्च भरलेली पीएमपीची बस. कार्यशाळेत यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्याचा सरावही होत नाही. मग दरवर्षी "अजून थोडं स्थिर होऊ दे" म्हणत पंचविशीतला मुलगा चाळिशीला येतो.

पैशातही फरक आहे. कार्यशाळेत बहुधा मानधन मिळतं. त्याला पगारपत्रक नसतं, भविष्यनिर्वाह निधी नसतो, पुढच्या नोकरीसाठी अनुभव म्हणून दाखवता येईल असं फारसं काही नसतं. रुग्णालयात किंवा निवासी केंद्रात दाखल असलेल्यांबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २० प्रमाणे कोणत्याही मानसिक आरोग्य आस्थापनेत रुग्णाला काम करायची सक्ती करता येत नाही, आणि त्यानं काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. स्वयंपाकघरात किंवा बागेत "उपचाराचा भाग" म्हणून कुणाला राबवलं जात असेल तर नातेवाइकांनी हे कलम जरूर दाखवावं.

आता दुसरं उत्तर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी नेहमीचा क्रम उलटा केला: आधी नोकरी, मग शिकवणं, तेही नोकरीच्या जागी. या पद्धतीला आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात. तिच्यात प्रवेशाची अट एकच, माणसाला काम करायची इच्छा हवी. नसलेले आवाज ऐकू येतात, मध्यंतरी दाखल व्हावं लागलं होतं, शिक्षण अर्धवट राहिलं, या कारणांनी कुणाला नाकारत नाहीत. साधारण महिन्याभरात मालकांशी बोलणी सुरू होतात. नोकरी शोधून देणारा कार्यकर्ता डॉक्टरांच्याच टीममध्ये बसतो, एकावेळी वीसेक जणांनाच सांभाळतो, आणि नोकरी लागली की त्याचं काम संपत नाही. आधाराला मुदत नसते.

हे नुसतं सदिच्छेवर चाललेलं नाही. लंडन, झुरिक, रिमिनी, सोफियासह युरोपातल्या सहा ठिकाणी ३१२ जणांवर तुलना झाली, ती २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अर्ध्या लोकांना आयपीएस, अर्ध्यांना आधी प्रशिक्षण देणारी नेहमीची सेवा. दीड वर्षात निदान एक दिवस तरी पगाराचं काम केलेले पहिल्या गटात ५५ टक्के होते, दुसऱ्यात २८. एक दिवस ही फार मोठी कसोटी नव्हे, पण ती दोन्ही गटांना सारखीच लावली होती. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा: पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले नोकरीवाल्या गटात २० टक्के, प्रशिक्षणवाल्यांत ३१. "नोकरीच्या ताणानं पुन्हा अॅटॅक येईल" या धास्तीनं मुलाला घरी बसवणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना हा आकडा सांगावासा वाटतो.

सोबत राहणारा माणूस नक्की करतो काय, हे समजलं की दोन्हींतला फरक आपोआप कळतो. नोकरी निवडताना तो आजाराच्या नावाकडे कमी आणि माणसाच्या दिवसाकडे जास्त बघतो. बायपोलर असलेल्या मुलीला हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेची रात्रपाळी कितीही चांगल्या पगारावर मिळत असली तरी तो शंभरदा विचार करायला सांगेल, कारण झोप मोडणं हे उन्मादाचा झटका यायचं ओळखीचं कारण आहे. चाकण-भोसरीत दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्यांचंही तेच. लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) चालू असलेला माणूस भट्टीजवळ काम करणार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण भरपूर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. ज्याला माणसांची वर्दळ सोसत नाही त्याला अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरऐवजी गोदामात, याद्या आणि गठ्ठे लावायला मागून घेता येतं.

खरी परीक्षा पहिल्या काही महिन्यांत असते. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नाही, म्हणून आठच्या ठोक्याला पोचणं जमत नाही. इथं एकतर डॉक्टर गोळीची वेळ अलीकडे आणू शकतात, किंवा मालकाला विचारून साडेनऊची वेळ घेता येते. कार्यकर्ता दोघांशी बोलतो. तोंडी सांगितलेली पाच कामं डोक्यात राहत नसतील तर सुपरवायझरनं ती कागदावर लिहून द्यायची. महिन्यातून एक दिवस ओपीडीसाठी सुटी आधीच ठरवून घ्यायची. या गोष्टींना मालकाचा पैसा जवळजवळ लागत नाही, लागतं ते कुणीतरी वेळेवर तोंड उघडणं. आणखी एक धोका म्हणजे नोकरी छान चालली, पगार हातात आला की "आता मी बरा झालो" म्हणून गोळ्या बंद होतात. कार्यशाळेत कुणीतरी गोळ्यांची चौकशी करतं. नोकरीत ती करणारं कुणी नसतं, म्हणूनच आधार सुटता कामा नये.

मालकाला आजार सांगायचा की नाही? याचं उत्तर फक्त शुभार्थीनं द्यायचं. कार्यशाळेत हा प्रश्नच येत नाही, तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं. बाहेर सांगितलं तर सवलती मागता येतात, पण ओळखीतल्या ओळखीत बातमी फुटेल आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल ही भीती आपल्याकडे खरी आहे, तिला उडवून लावू नये. "माझे उपचार चालू आहेत, सकाळी अर्धा तास उशीर चालेल का" एवढंही पुरेसं असतं. मुलाच्या नकळत वडिलांनी मालकाला फोन करून सगळी फाइल वाचून दाखवणं मात्र कधीही नको.

नोकरी टिकवायला कायदाही मदतीला येतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार दिव्यांगत्वात मोजला जातो. सरकारी नोकरीत असताना आजार जडला तर कर्मचाऱ्याला त्या कारणावरून काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागतं. खासगी आस्थापनेनंही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. सरकारी राखीव जागेसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. साध्या खासगी नोकरीला ते लागत नाही.

आणि एक गोष्ट कारखान्यातल्या कामगारांनाही बऱ्याचदा माहीत नसते. पगार मर्यादेत असेल आणि ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता कापला जात असेल तर स्किझोफ्रेनियासारख्या आजारासाठी वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो: सलग दोन वर्षं नोकरी आणि ठरलेले हप्ते भरलेले असतील तर सुमारे ८० टक्के वेतन, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला सहसा कामावरून काढताही येत नाही. आजार उलटला की घाईनं राजीनामा लिहून देणाऱ्यांनी आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात चौकशी करावी. मानधनावरच्या कामात असलं काहीच मिळत नाही.

तरीही कुणाला कार्यशाळाच हवी असेल, तिथं मित्र असतील, हातात ब्रश घेतला की बरं वाटत असेल, तर तिथं राहणं ही त्याची निवड आहे आणि ती पूर्ण मानानं घ्यावी. फक्त ज्याला नोकरी हवी आहे त्याला कार्यशाळेच्या दारात थांबवून ठेवू नये. एखादं केंद्र बघायला गेलात तर फी आणि जेवणाच्या वेळा विचारून झाल्यावर एवढं आणखी विचारा: गेल्या वर्षी इथून किती जण बाहेर पगारावर लागले, आणि लागल्यानंतर त्यांना आणि त्यांच्या मालकांना तुमच्याकडून कोण, किती दिवसांनी भेटतं?