टेलनेट आणि एसएसएच: खिडकी एकच, तारेतली गोष्ट वेगळी

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि काही दिवस वाहतूक ठप्प झाली. कारखान्यातला नेटवर्क स्विच (यंत्रं केबलनं एकमेकांना जोडणारा डबा) घरबसल्या हाताळता आला पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या ओळखीच्या फौंड्रीवाल्यांना पटवावं लागत नाही. घोळ होतो तो पुढे. टेलनेट आणि एसएसएच या स्विचमध्ये दुरून लॉगिन करून कमांड द्यायच्या दोन पद्धती. दोन्हींना पुटी हे सॉफ्टवेअर तेच, आयपी तोच, काळी खिडकी तीच, आत गेल्यावर कमांडही त्याच. मग "दोन्ही एकच की, टेलनेट पटकन होतंय" म्हणून पोरं पोर्ट 23 वर (हा टेलनेटचा ठरलेला क्रमांक) काम उरकतात आणि पोर्ट 22 वरचं एसएसएच राहून जातं.

फरक बघायचा तर तारेत डोकवावं लागतं. शिकाऊ पोरांना मी एक प्रयोग करायला लावतो. आपल्याच टेबलावरच्या स्विचवर एका पोर्टचं (केबलच्या सॉकेटचं) मिररिंग, म्हणजे तिथल्या ट्रॅफिकची नक्कल, दुसऱ्यावर लावायचं, तिथं वायरशार्क हे ट्रॅफिक पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि टेलनेटनं लॉगिन करायचं. दाबलेलं एकेक अक्षर स्विचकडे जातं आणि पडद्यावर उमटावं म्हणून स्विच ते परत पाठवतो. त्यामुळे पकडलेल्या मजकुरात युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं: ए ए, डी डी, एम एम. पासवर्ड मात्र पडद्यावर दिसू नये म्हणून स्विच तो परत पाठवत नाही. म्हणजे जे लपवायचं, तेच तारेत सगळ्यात स्वच्छ, सलग वाचता येतं! मग हेच एसएसएचनं करायचं. सुरुवातीची आवृत्तीची ओळ वाचता येते, एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि त्यापुढे सगळा अगम्य मजकूर.

"स्विच आपला डेटा शेजारच्या पोर्टवर टाकतच नाही, मग ऐकणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे. पण एआरपी स्पूफिंग करून, म्हणजे नेटवर्कवर दुसऱ्याच यंत्राचा पत्ता आपला म्हणून सांगून, ट्रॅफिक आपल्याकडे वळवता येतं, आणि त्यासाठी आत शिरलेला एक लॅपटॉप पुरतो. टेलनेटची मुळं 1969ची, तेव्हा नेटवर्कवर मोजकीच यंत्रं होती. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर 1995 मध्ये टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. चोरी झाली ती आतल्याच नेटवर्कवर, हे विसरू नका.

सिस्कोच्या स्विचवर दोन्हींचा पाया सारखाच: व्हीलॅनला (स्विचमधल्या आभासी नेटवर्कला) आयपी, दुसऱ्या नेटवर्कमधून यायचं असेल तर डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता), आणि इनेबल सीक्रेट (कॉन्फिगरेशन बदलायच्या पातळीचा पासवर्ड). टेलनेटला व्हीटीवाय लाइनवर (दुरून आत यायच्या आभासी दारांवर) एक पासवर्ड टाकला की झालं. तो सगळ्यांचा एकच, त्यामुळे रात्री कॉन्फिगरेशन कुणी बदललं हे कळायला मार्ग नाही. एसएसएचला युजरनेम लागतंच. आधी होस्टनेम आणि डोमेननेम द्यायचं, कारण किल्लीचं नाव त्यांवरून बनतं. मग आरएसए किल्ली, 2048 बिटांची. आवृत्ती 2 ठरवायची, प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं, लाइनवर 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. स्विचमधलं सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनवालं नसेल, तर किल्ली बनवायची कमांडच मिळत नाही. तेव्हा आधी ते बदला.

सगळ्यात जास्त चुकतं ते लाइनच्या आकड्यांत. 0 ते 4 वर एसएसएच लावतात आणि 5 ते 15 तशाच सोडतात. पुढच्या दारी कुलूप, परसदार सताड उघडं. शिवाय एसएसएच आहे म्हणून तो पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. बाहेरून व्हीपीएननंच (इंटरनेटवरच्या एन्क्रिप्टेड वाटेनंच) या.

पुटी पहिल्यांदा स्विचच्या किल्लीचा ठसा (तिची छोटी ओळखखूण) दाखवतं, तो कन्सोलवरून (स्विचला थेट केबल लावून) घेतलेल्या किल्लीच्या ठशाशी ताडून मगच होकार द्या. स्विच बदललेला नसताना तोच इशारा पुन्हा आला, तर हात आखडा.

टेलनेट बंद करताना घाई नको. आधी 'रीलोड इन 10' द्या, म्हणजे रद्द केलं नाही तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होईल. जुनी खिडकी चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत एसएसएचनं आत जा, इनेबलपर्यंत पोचा. जमलं की रीलोड रद्द करून कॉन्फिगरेशन सेव्ह करा. सेव्ह त्याआधी करू नका. बाहेर अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर उठेल. नाहीतर फौंड्रीच्या शेडमध्ये, काळ्या वाळूच्या धुळीत, शिडीवर उभं राहून कन्सोल केबल लावावी लागेल.